काकांनी टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका

बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी एकच प्रश्नपत्रिका सात वेळा सोडवली. पहिल्या वेळी शंभरातले एकेचाळीस आले होते, सातव्या वेळी अठ्ठ्याण्णव. मायने देवापुढे गुळाचा खडा ठेवला आणि शेजारच्या तीन खोल्यांमध्ये सांगून आली की पोरगी आता वकील होणार.

ती प्रश्नपत्रिका दक्षिणेतल्या एका लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची होती. बारावीनंतर सरळ पाच वर्षं कायदा शिकायचा, ही गोष्ट तेव्हा नवी होती. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी वर्गात वर्तमानपत्राचं एक कात्रण वाचून दाखवलं आणि विचारलं, "जवानुं छे कोईने?" जायचंय का कुणाला? अख्खा वर्ग हसला. मी हसले नाही. तास संपल्यावर बाईंकडून पत्ता लिहून घेतला आणि पोस्टाने माहितीपुस्तिका मागवली. तिच्या शेवटच्या पानांत ही नमुना प्रश्नपत्रिका होती. त्यापलीकडे काहीच नव्हतं. सुरतेत गाइड मिळेना, क्लास तर नव्हताच.

आम्ही पांडेसऱ्याला राहायचो. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका डाइंग मिलमध्ये मशीनवर होते. धुळ्याकडून आलेले, घरात अहिराणी बोलणारे. मी दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, मग अकरावी-बारावीला गुजराती मुलींमध्ये जाऊन बसले. इंग्रजी मला वाचता यायचं, पण हळू, जिना चढताना एकेक पायरी बघावी तसं.

माय व्यवहारी. वकिलीचं काय व्हायचं ते होवो, हाताशी टायपिंग असलेलं बरं, म्हणून तिने मला दर रविवारी सकाळी उधन्याला एका काकांकडे पाठवायला सुरुवात केली होती. हे काका कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टांपैकी. मूळचे सातारचे, सुरतेत तीस वर्षं झालेली. वकिलांची प्रतिज्ञापत्रं, भाडेकरूंचे अर्ज, घटस्फोटाचे दावे, जे येईल ते टाइप करायचे. रविवारी कोर्ट बंद, म्हणून घरी दोन जुन्या मशीनवर आम्हा चार-पाच जणांना शिकवायचे. काकू वारल्या होत्या. मुलगी बडोद्याला दिली होती. बोलणं थोडं, आणि ते अगदी शुद्ध. माझ्या तोंडून ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ निघालं की ते किंचित थांबायचे, पण हसले मात्र कधी नाहीत.

अठ्ठ्याण्णव गुणांची प्रश्नपत्रिका मी मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पानं चाळली आणि मधूनच एक प्रश्न वाचायला घेतला. चार शब्द वाचून झाले असतील.

"ब," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा घेतला.

"ड."

"प्रश्न काय होता?" त्यांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही. उत्तर ड आहे हे पक्कं ठाऊक होतं, प्रश्न काय ते आठवेना.

"अगं, तू सोडवत नाहीयेस, पाढे म्हणतेयस," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण मला रडू आलं. सगळ्या चाळीला मायने सांगून ठेवलं होतं. मी मशीनवर मान खाली घालून ‘ए एस डी एफ’ बडवत राहिले. ते बराच वेळ खिडकीपाशी उभे राहून पुस्तिका वाचत होते.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मशीनवर बसूच दिलं नाही. आतल्या खोलीतल्या टेबलावर टाचणी लावलेली आठ पानं ठेवली होती, शेजारी गजराचं घड्याळ. नवी प्रश्नपत्रिका. आठवडाभर कोर्टातून आल्यावर बसून त्यांनी ती स्वतः तयार केली होती. इंग्रजीचे उतारे वर्तमानपत्रातले, सामान्य ज्ञान तिथलंच, गणित कुठल्या तरी बँकेच्या परीक्षेच्या जुन्या पुस्तकातलं. आणि शेवटचा भाग कायद्याचा. त्यात आधी एक नियम दिलेला असे, मग एक हकिगत, आणि तो नियम त्या हकिगतीला लावला तर काय निघतं ते ओळखायचं. त्या हकिगती त्यांना शोधाव्या लागल्या नव्हत्या. तीस वर्षं ते दुसरं काय टाइप करत आले होते? नावं बदलली, गाव बदललं, की झाला प्रश्न. कतारगामच्या हिरे घासणाऱ्या कारागिराने दुसऱ्याच्या पुडीतला खडा आपला समजून विकला, ही चोरी होते का? भाडेकरूच्या पपईच्या झाडाची फळं घरमालकाने तोडली, तर ती कुणाची?

"दोन तास," काका म्हणाले. "पाणी आधीच पिऊन घे. मध्ये उठायचं नाही. न येणारं सोडून पुढे जायचं, चुकलं की पाव गुण वजा."

मला अडतीस गुण पडले. अठ्ठ्याण्णववरून अडतीस.

"हा आकडा खरा," ते म्हणाले. "आता इथून मोजायचं."

तेव्हापासून दर रविवारी एक नवी प्रश्नपत्रिका. कोरा कागद ते वापरत नसत. मसुदा चुकून वाया गेलेली पानं साठवलेली असायची, त्यांच्या पाठीवर टाइप करायचे. त्यामुळे पान उलटलं की मागे कुणाचं तरी अर्धं आयुष्य दिसायचं. ‘मी खाली सही करणार शपथेवर लिहून देते की माझे पती मला दिनांक’, आणि पुढे काहीच नाही. सुरुवातीला मी त्या अर्धवट गोष्टी वाचण्यात वेळ घालवायची. काकांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी मागचा मजकूर पेन्सिलीने आडवा काटायला सुरुवात केली.

बुधवारी दोन तास बसून मी तीच प्रश्नपत्रिका घरी पुन्हा बघायची, चुकलेलं का चुकलं ते वहीत लिहायची. ही काकांची अट होती. बरोबर आलेल्याबद्दल त्यांना काही ऐकायचं नसे. "चुकलं ते सांग. घाईने चुकलं, शब्द कळला नाही म्हणून चुकलं, की समजूनसुद्धा चुकलं?" त्या दोन तासांत माय खोलीच्या दारात पाट टाकून बसायची आणि कुणी आलं तर ओठांवर बोट ठेवायची. आमच्या ओळीतल्या बायका पाणी भरताना हंडा जपून ठेवू लागल्या. आवाज झाला तर पोरीचे गुण कमी होतील, अशी त्यांची समजूत झाली होती.

जानेवारीपर्यंत मी साठपर्यंत आले. इंग्रजी सुधारलं, गणित जमू लागलं. कायद्याचा भाग मात्र जागचा हलेना. दर वेळी पंचवीसपैकी दहा नाहीतर अकरा. वहीत मी लिहायची, ‘समजूनसुद्धा चुकलं.’

काकांनी एकदा माझ्या सगळ्या चुका मांडून बघितल्या. मग म्हणाले, "तू नियम वाचतच नाहीस. हकिगत वाचतेस, त्यात कुणावर अन्याय झालाय ते हुडकतेस आणि त्याच्या बाजूने खूण करतेस."

"मग काय चुकलं?"

"परीक्षेत ते विचारलेलं नाही."

मला ते पटलं नव्हतं.

दर रविवारी आण्णा मला घ्यायला सायकलवर यायचे. ते दारातच उभे राहायचे. आत यायला सांगितलं तर म्हणायचे, "नको साहेब, अंगाला वास येतो." मिलच्या रंगाचा वास त्यांच्या कपड्यांत मुरलेला असायचा, आणि नखं त्या आठवड्यातल्या रंगाची असायची. एका रविवारी काकांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आण्णांचा उजवा हात मिटत नाही. शेवटची दोन बोटं आणि तळव्याची कड भाजून चामडं ओढलं गेलं होतं.

"हे कसं झालं भाऊ?"

आण्णांनी बशीत चहा ओतून घेतला आणि सांगितलं. दीड वर्षापूर्वीच्या जूनमध्ये मशीनचं झाकण वेळेआधी उघडलं, आतलं उकळतं पाणी हातावर आलं. मिलवाल्यांनी दवाखान्यात नेलं, पट्ट्या केल्या. विम्याच्या यादीत त्यांचं नाव घातलेलंच नव्हतं, हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून एका कागदावर सही घेतली. कागद कोरा होता. ‘पगार चालू ठेवायचाय ना, मग कर सही,’ एवढंच बोलणं. त्यांनी सुजलेल्या हाताने कशीबशी सही केली. दोन महिन्यांनी पुन्हा कामावर घेतलं, आणि त्या कागदावर नंतर काय छापलं गेलं ते त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं. अपघात माझ्या चुकीने झाला, मला सगळं मिळालं, माझी काही मागणी नाही.

"आणि तुम्ही काही केलं नाहीत?"

"सही माझी आहे ना साहेब," आण्णा म्हणाले. "काय करणार?"

ही गोष्ट मला ठाऊक होती, पण इतकी सलग मी कधी ऐकली नव्हती. घरी तिच्याविषयी कुणी बोलत नसे.

पुढच्या रविवारच्या प्रश्नपत्रिकेत ब्याण्णवावा प्रश्न असा होता. नियम: जो माणूस कागदावर सही करतो तो त्या कागदाला बांधला जातो, मग त्याने तो वाचलेला असो वा नसो. हकिगत: कडोदऱ्याच्या एका कारखान्यातल्या कामगाराचा हात मशीनमध्ये भाजला. त्याने मालकाने दिलेल्या कागदावर न वाचता सही केली. त्यात भरपाई मिळाल्याचं लिहिलं होतं. आता कामगार भरपाई मागू शकतो का?

मी पेन्सिल इतकी दाबून खूण केली की कागद फाटला. होय, मागू शकतो.

काकांनी तपासताना तिथे लाल फुली मारली.

"तुम्ही मुद्दाम घातलात हा," मी म्हणाले.

"हो."

"माझ्या वडिलांचं आहे ते."

"म्हणूनच घातलं. इथे तुला नियम वाचता आला, तर कुठेही वाचता येईल."

"मला नाही वाचायचा असला नियम!" मी उठले. चप्पल घालून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला आण्णांची वाट बघत उभी राहिले. ते आले आणि विचारू लागले, काय झालं? मी सायकलवर मागे बसले. तो आठवडाभर मी वही उघडली नाही. मायला वाटलं माझं डोकं दुखतंय, तिने दोनदा सुंठ उगाळून लावली.

रविवारी मी जाणारच नव्हते. पण सकाळी आठ वाजता काकाच आमच्या दारात. पांडेसऱ्याला ते पहिल्यांदा आले होते, पत्ता विचारत विचारत. कोर्टात जाताना घालायचा करडा कोट अंगावर. मायने घाईघाईने खाटेवर चादर पसरली. आण्णा रात्रपाळी करून नुकतेच झोपले होते, ते उठून बसले.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला त्रास झाला. मी तसं करायला नको होतं." मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "पण त्यानंतर मलाही चैन पडेना. मी प्रश्न तयार करतो, उत्तरंही मीच ठरवतो, आणि मी काही वकील नाही. म्हणून आमच्या झाडाखाली कामगारांच्या केसेस बघणाऱ्या एक वकीलबाई येतात, त्यांना तो प्रश्न दाखवला. त्या हसल्या. म्हणाल्या, वर दिलेला नियम परीक्षेपुरता ठीक आहे. पण कामगाराच्या अपघातासाठी कायदा वेगळा आहे. त्यात असल्या कागदाने भरपाईचा हक्क जात नाही. मालकाने लिहून घेतलं तरी नाही." तो कागद म्हणजे माझं ते फाटलेलं पान होतं, ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "प्रश्नपत्रिकेत तुझं उत्तर चूक होतं. कोर्टात ते बरोबर आहे."

मी आण्णांकडे बघितलं. ते चादरीची कड बोटांत धरून बसले होते.

"वकीलबाई काय म्हनस?" मायने मला हळूच विचारलं. तिला काकांचं भराभर बोलणं पुरतं कळलं नव्हतं. मी तिला अहिराणीत सांगितलं.

"मात्र दोन वर्षांच्या आत अर्ज करायला हवा," काका म्हणाले. "जूनच्या आधी."

आण्णा म्हणाले, "अर्ज केला की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतील."

"अडवतील," काका म्हणाले. ते नाही म्हणाले नाहीत, हे मला अजून आठवतं.

"डर वाटस का तुमले?" मायने विचारलं.

"वाटस," आण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "तुन्ही परीक्षा होऊ दे पहिले. मग दखू."

परीक्षा मे महिन्यात होती. त्या दिवसापासून माझं एक विचित्र झालं. कायद्याचे प्रश्न मला येऊ लागले. कसं ते नीट सांगता येणार नाही. बहुधा असं असावं की दिलेला नियम म्हणजे जगातला शेवटचा शब्द, असं मी आजवर धरून चालले होते, आणि म्हणून त्याच्याशी भांडत होते. आता कळलं होतं की हा या पानापुरता नियम आहे, दुसऱ्या पानावर दुसरा असू शकतो. मग तो शांतपणे वाचता यायचा. मार्चमध्ये बारावीची परीक्षा झाली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पंचवीसपैकी एकवीस आले. काकांनी लाल पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "जा, फरसाणवाल्याकडून लोचो घेऊन ये, मला पण भूक लागलीये." पाच-सहा महिन्यांत त्यांनी केलेलं तेवढंच कौतुक.

परीक्षेचं केंद्र मुंबईला होतं. आण्णा रजा टाकून बरोबर आले. हॉलमध्ये माझ्या आजूबाजूची मुलं फाडफाड इंग्रजीत बोलत होती आणि कुठल्या क्लासच्या किती टेस्ट दिल्या ते एकमेकांना सांगत होती. छापलेल्या, चकचकीत पुड्या होत्या त्यांच्याकडे. मला कुणी विचारलं नाही, ते बरं झालं. घंटा झाली. पहिली दहा मिनिटं अक्षरं नुसती पोहत होती. मग एक गणित सुटलं आणि हात चालू लागला. शेवटी नऊ प्रश्न मी सोडून दिले. इतके सोडायची सवय नव्हती, पण अंदाजाने खूण करायची नाही हे अंगात भिनलं होतं. बाहेर आले तर आण्णा समोरच्या फुटपाथवर उन्हात उभे. सावलीत जागा होती, पण तिथून दरवाजा दिसत नव्हता.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी ते काकांबरोबर वकीलबाईंकडे गेले. अर्ज काकांनीच टाइप केला. त्या दिवशी त्यांनी कोरे कागद वापरले. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो कोर्टात गेला आणि मिलला नोटीस पोचली त्याच संध्याकाळी आण्णांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

पंधरा दिवस ते घरी होते. इतके दिवस घरी बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. नखांचा रंग हळूहळू उतरत गेला. शेवटी कडोदऱ्याला साड्यांची घडी करून बांधायचं काम मिळालं. जायला-यायला दोन-अडीच तास, आणि हात मिटत नसल्याने घडी बसायची नाही. पहिल्या आठवड्यात रोज बोलणी खाल्ली. मग त्यांनी डाव्या हाताने घडी दाबायची स्वतःची रीत बसवली.

याच सुमारास माझा निकाल आला. निवड झाली नव्हती. प्रतीक्षा यादीत नाव होतं. काकांना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नमुना प्रश्नपत्रिकेत पहिल्यांदा किती आले होते?"

"एकेचाळीस."

"हं," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठले. त्यांनी पुढे समजूत घातली नाही. मी सुरतेतल्याच एका कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं. जुलैचे पंधरा दिवस तिथे गेलेसुद्धा. आणि मग लॉ कॉलेजकडून तार आली. जागा आहे, दहा दिवसांत हजर व्हा. पाठोपाठ आलेल्या पत्रात फीमाफीचा अर्जही होता.

मी जाणार नाही म्हणाले. आण्णांचं काम असं, केस नुकती सुरू झालेली, माय एकटी. मला वाटत होतं की हे म्हणणं फार शहाणपणाचं आहे.

आण्णा कडोदऱ्याहून आले होते, पाय धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "केस माझी आहे," ते म्हणाले. "तू काय करशील इथे राहून? माझ्या शेजारी बसशील?" मग पाय पुसत म्हणाले, "ती वकीलबाई आहे. टायपिस्टसाहेब आहेत. तू जा."

मी गेले. पहिलं वर्ष अवघड होतं. वर्गात माझं इंग्रजी ऐकून मुलं मागे वळून बघत. त्याबद्दल इथे लिहीत नाही. घरून पत्रं यायची. आण्णा दर तारखेनंतर एक पोस्टकार्ड पाठवत, त्यावर दोनच ओळी. ‘तारीख पडली. जजसाहेब आले नव्हते.’ किंवा ‘तारीख पडली. त्यांचा वकील आजारी.’

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी सुट्टीत घरी होते, आणि तेव्हाच आण्णांची साक्ष लागली. मी, काका आणि माय मागच्या बाकावर बसलो. मिलच्या वकिलाने तो कागद आण्णांपुढे धरला. दीड पान इंग्रजी, खाली वाकडीतिकडी सही. तो गुजरातीत विचारू लागला, ही सही तुमची आहे की नाही, फक्त हो किंवा नाही सांगा.

आण्णांनी कागद हातात घेतला. उजव्या हातात धरता येत नव्हता, म्हणून डाव्यात घेतला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, जसं काही इंग्रजी वाचताच येत होतं.

"सही मारी छे, साहेब," ते म्हणाले. "लखाण मारुं नथी."

वकील म्हणाला, हो की नाही एवढंच विचारलंय. पण न्यायाधीशांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, दोन्ही वाक्यं लिही, सही याची आहे आणि मजकूर याचा नाही. शेजारी काका इतके ताठ बसले होते की बाक हलला नाही. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी आण्णांच्या पाठीकडे बघत होते. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि मधोमध घामाची एक लांब रेघ खाली उतरली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही भाऊ," काका म्हणाले. एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

निकाल लागला तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. त्याची प्रत आण्णांनी कुणाकडून वाचून घेतली नाही. मी उन्हाळ्यात येईपर्यंत ट्रंकेत ठेवली. मी आले, पाणी प्यायले आणि ती उघडली. नऊ पानं. आण्णा खाटेवर, माय जमिनीवर. मी इंग्रजीत एक वाक्य वाचायची आणि ते अहिराणीत सांगायची. काही शब्दांना अहिराणीत शब्दच नव्हते, तिथे थांबून गोष्टीसारखं सांगावं लागलं. अर्ज मंजूर झाला होता. मागितलं होतं तितकं सगळं मिळालं नव्हतं, आणि मिलमध्ये परत घेण्याविषयी त्यात काहीच नव्हतं, कारण तो त्या कोर्टाचा विषय नव्हता. पण कागदावरच्या सहीने कामगाराचा हक्क जात नाही, हे सहाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं.

"जितनूत का आपन?" मायने विचारलं.

"जितनूत," मी म्हणाले.

आण्णा म्हणाले, "सहावं पान परत वाच." मी वाचलं. मग त्यांनी ते आणखी एकदा वाचायला लावलं, या वेळी नुसतं इंग्रजीत. डोळे मिटून ते ऐकत होते. माय स्वयंपाकाला उठली आणि चूल पेटवता पेटवता तिने शेजारच्या बाईला हाक मारली.